भाजलेल्या स्लॅबला पाणी

ताडकळसच्या बाजारात किराणा दुकान चालवणाऱ्या चन्नप्पांची महादेवाखालोखाल कशावर श्रद्धा असेल, तर ती स्लॅबवर मारलेल्या पाण्यावर. घर बांधलं तेव्हा स्लॅबवर मातीची आळी करून, पोती अंथरून ते सकाळ-संध्याकाळ घागरी घेऊन शिडी चढायचे. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलेलं आणि हा गृहस्थ छपरावर पाणी भरण्यात दंग. लोक हसले. मात्र पावसाळ्यात शेजारची घरं गळली आणि यांचं गळलं नाही, तेव्हा हसणारेच बोलवायला यायला लागले. गावात कुणीही स्लॅब टाकला की निरोप यायचा, "अप्पा, जरा येऊन बघा की, पाणी पुरायलंय का." मग अप्पा गल्ला बायकोच्या, गौराबाईंच्या हाती देऊन ऐटीत निघायचे. त्यांच्या घराच्या सळया बांधणारा पंडित मिस्त्रीही चारचौघांत म्हणायचा, "बांधलं मी, पर पक्कं केलं अप्पांनी." हे ऐकताना अप्पांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. तेवढी एक मिजास त्या साध्या माणसाला होती, आणि गावानंही ती चालवून घेतली होती.

त्या मिजाशीतूनच मागची खोली कापसानं भरली. दत्तराव हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक, शेतकरी. भाव वाढेपर्यंत कापूस ठेवायचा म्हणत होता, पण त्याचं शेड पत्र्याचं. अप्पा म्हणाले, "पत्र्याखाली उंदरं, गळती. माझ्याकडं आनून टाक. पक्कं घर हाय." कापूस छताला टेकला. भिंतीवरची जुनी वायर त्यात कुठं दडपली गेली, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

धूर निघाला तेव्हा गौराबाई मधल्या खोलीत खाटेवर होत्या. त्यांच्या पोटात गाठ होती. नांदेडच्या डॉक्टरांनी हात टेकले होते आणि घरी न्या म्हणून सांगितलं होतं. घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याजवळ एकच मागणं केलं होतं. त्यांच्या लिंगायत रीतीत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि भिंतीला टेकवून बसवतात. सगळे पाया पडून जातात आणि बसवूनच नेतात. मधल्या खोलीतल्या ज्या भिंतीला सासूबाईंना टेकवलं होतं, तिथंच आपल्याला बसवावं, एवढंच गौराबाईंचं मागणं. "दुसऱ्याच्या दारात नगं," त्या म्हणाल्या होत्या. अप्पांनी शब्द दिला होता.

लोकांनी त्यांना खाटेसकट बाहेर काढलं. बंब आला, अर्ध्या गावानं बादल्या ओतल्या, पण कापसाची आग मोठी लबाड. वरून विझते आणि आतल्या आत धुमसत राहते. वरच्या स्लॅबचे तुकडे फटाक्यासारखे उडत होते. अखेर सगळं निवलं तेव्हा मागच्या खोलीत वर बघवेना. सिमेंट गळून पडलं होतं आणि उघड्या सळयांना झोळ आला होता. दत्तरावानं मान खाली घालून आपलं शेड मोकळं करून दिलं. गौराबाईंची खाट तिथं गेली.

परभणीहून अर्पिता आली. गौराबाईंच्या भावाची ही मुलगी, एका इंजिनिअरकडं नोकरीला. तिनं हातोडीनं ठोकून आवाज ऐकले. मागच्या खोलीत काँक्रीट आतून गुलाबी पडलं होतं, तेही खरवडून पाहिलं. मग मधल्या खोलीतल्या सळईचा एक तुकडा तपासणीसाठी कापून घेतला.

"मामा, आगीत सळई मऊ पडते. ओझं पेलवत नाही, म्हणून ती अशी लोंबते. मागच्या खोलीचा स्लॅब गेला म्हणूनच समजा. मधल्या खोलीचा कदाचित वाचेल, नव्या सळया बांधून खालून जाड करता येईल. पण तपासणी होईपर्यंत वर कुणी चढायचं नाही, काही ठेवायचं नाही. नुसते टेकू लावा."

"पर आता थंड झाल्या की त्या," अप्पा म्हणाले. "थंड झाल्यावर पुन्हा घट्ट व्हत न्हाईत व्हय?"

"या सळयांचं तसं नसतं. कारखान्यात लालभडक सळईवर एकदम पाण्याचा मारा करतात, त्यानं तिची बाहेरची कड कडक होते. त्या कडेनंच सळईला जोर येतो. आगीनं ती कड मऊ पडली, की निवल्यावर जोर परत येत नाही."

पाण्याचा मारा! आग लागल्यापासून पहिल्यांदा अप्पांच्या तोंडावर रंग आला. पुढं ती जे बोलली, त्यातलं एक अक्षरही त्यांच्या कानात शिरलं नाही. सळईला जोर पाण्यानं दिला, सिमेंटला पाण्यानं दिला. मग आगीनं नेलेला जोर दुसरं कोण परत देणार? इतका सरळ हिशेब त्या शिकलेल्या पोरीला सुचला नाही, याचं त्यांना नवलच वाटलं. आणि तपासणीची वाट बघायला वेळ होता कुठं? शेडमध्ये गौराबाईंच्या घशाखाली आता पेजही नीट उतरत नव्हती.

अर्पिता गेली आणि अप्पांनी पंडितला बोलावलं.

"अप्पा, अर्पिताबाईनं वर चढू नका म्हनून सांगितलंय," पंडित म्हणाला.

"चढू नका म्हन्ली. पानी मारू नका म्हन्ली का?"

पंडित घुटमळला. मग तोही म्हणाला, "पान्यानं वाईट तरी काय व्हनार हाय." त्यानं मधल्या खोलीत टेकू ठोकले. मागच्या खोलीत जायची छाती त्याला झाली नाही. दोघांनी मिळून माती चढवली, सगळ्या स्लॅबवर जुन्यासारखी आळी केली, पोती पसरली आणि बोअरचा पाइप वर नेला. घोटाभर पाणी साठलं. खाली लोंबत्या सळयांवरून तांबडे थेंब ठिबकायला लागले. अप्पा ते कौतुकानं बघत उभे राहिले.

"स्लॅब पानी प्यायलाय," शेडमध्ये येऊन त्यांनी सांगितलं. "लय तहानला व्हता बिचारा."

"मग घरी कवा न्यायलाव, अवो?"

"आता थोडंच ऱ्हायलंय, गौरा."

दोन दिवसांनी दुपारी स्लॅब पडला. अप्पा गल्लीत पाइपाची गाठ बांधत होते. आधी मागची खोली बसली. तिच्या सळया तुळईवरून सलग मधल्या खोलीत गेलेल्या, त्यांनी तुळई ओढली आणि ओल्या मातीच्या, पाण्याच्या ओझ्यासकट मधला स्लॅबही टेकू मोडून खाली आला. धुरळा उठला आणि उंबऱ्यावरून गढूळ पाणी वाहत गल्लीत आलं. ते अप्पांच्या पायांना लागलं तरी ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्पिता आली. ढिगाऱ्यात भिजलेली पोती होती, चिखल होता.

"मामा, वर काय ठेवलं होतं?"

"पानी."

ती समोरच्या ओट्यावर बसली. तिला रडू आवरेना. "मधल्या खोलीतली सळई चांगली निघाली होती, मामा. तेच सांगायला आले होते."

सासूबाईंना टेकवलं होतं ती भिंत मात्र उभी होती. तिच्यासमोर छातीएवढा ढिगारा, वाकड्या सळया आणि अधांतरी लटकलेला स्लॅबचा एक तुकडा. आत पाऊल टाकायचं नाही, अशी पोलीस पाटलानं ताकीद दिली. अप्पा संध्याकाळी शेडमध्ये गेले. हातपाय धुतलेले होते, तरी कानामागं सिमेंटची धूळ राहिलीच होती.

"झालं का काम?"

"झालं. आता रंग तेवढा द्यायचा हाय."

"निळा द्या," गौराबाई म्हणाल्या. "लय गडद नगं."

अप्पा हो म्हणाले. आयुष्यभर तराजूची दांडी कधी झुकवली नाही या माणसानं, आणि मरायला टेकलेल्या बायकोशी रोज खोटं बोलत होता. कधी म्हणे रंग वाळायलाय, कधी म्हणे दुसरा हात मारायचाय. गौराबाई डोळे मिटून ऐकायच्या. असं सांगता सांगताच एका सकाळी त्या गेल्या.

बायकांनी आंघोळ घातली, विधी करायला आलेल्या जंगमस्वामींनी विभूती लावली, तळहातावर लिंग ठेवलं आणि ते म्हणाले, "आता भिंतीला टेकवा." सगळे इकडं तिकडं बघायला लागले. शेडला भिंत नव्हतीच. पत्र्याला टेकवायला गेले तर पत्रा मागं जायचा. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली.

"खुर्चीत न्हाई," अप्पा म्हणाले.

ते स्वतःच मांडी घालून बसले आणि गौराबाईंना त्यांनी आपल्या छातीशी टेकवून घेतलं. एका हातानं त्यांचा खांदा सावरला, दुसऱ्या हातानं लिंग ठेवलेला त्यांचा तळवा धरला. स्वामींनी लोकांना पुढं यायची खूण केली. लोक रांगेनं पाया पडायला लागले. दत्तराव वाकला तो हुंदके देतच उठला. अप्पांचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. ते बायकोच्या कानाशी लागून बोलत होते, आणि जवळच्यांना ते ऐकू येत होतं.

"घर पडलंय, गौरा. मीच पाडलं. रंग न्हाई, काई न्हाई. पाठीला हाय ती तुझी भिंत बी न्हाई, मीच हाय."

दुपारी बसवून न्यायचं, फुलांनी सजवलेलं विमान शेडच्या दारात आलं. अप्पा हात सोडेनात, तेव्हा माणसांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.