नवव्या होलपर्यंत कोणी पोचत नाई

गोल्फ अर्ध्यात सोडून जायची कारणं एखाद्या माणसाजवळ जमून जमून किती जमतील? आमच्याजवळ इतकी जमली का सांगता सांगता चहाचा दुसरा गंज चुलीवर चढते. लोक खेळून कप जमवतात, आम्ही हे जमवलं.

पहिले हे सांगतो का सेलूच्या बाजूले गोल्फ आला कुठून. आमचे सुभेदार काका फौजेत होते. तिथल्या एका छावणीत गोल्फच्या मैदानाची देखरेख त्याईच्याकडं होती. साहेब लोक खेळत, काका गवत कापून घेत. रिटायर होऊन गावी आले, अन् आपल्या पडीक वावरात त्याईनं रंगाचे नऊ रिकामे डबे गाडले. एकेका डब्याजवळ तुराटीचा झेंडा रोवला अन् म्हणाले, "झालं मैदान." गवत नाई, सारी काळी माती. बॉल मारला का पहिले धूळ उडते, मंग धूळ बसते, मंग बॉल शोधा लागते.

खेळणारे पाच जण. काका, शाळेतून रिटायर झालेले उमाटे सर, सेलूत मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेला गजू, जनावराच्या डॉक्टर मेश्राम मॅडम, अन् दर रविवारी बोरगाव मेघेवरून येणारा मी. नियम एकच. अर्ध्यातून जाचं असन त खुशाल जा, पण कारण काकाले तोंडावर सांगून जा.

नऊचे नऊ होल एका दमात आजपर्यंत कोणीच पुरे केले नाई. काकानंही नाई, कारण थे दुसऱ्याईच्या स्टिका सरळ करण्यातच राह्यतात. यंदा त्याईचे लहान भाऊ महादेवकाका म्हणाले का दादा, वावर किती दिवस पडीक ठेवता, मी पेरतो. काकानं हो म्हटलं. आमाले फक्त एवढं सांगितलं का ट्रॅक्टर लागाच्या पहिले एकानं तरी पुरा डाव खेळून दाखवा. मले पाहू द्या.

आम्ही कोशिश केली. मनापासून केली.

*

गजूचा बॉल तिसऱ्या होलपासून लय लांब होता. त्यानं डोळे मिटले अन् म्हणे, "बाप्पा, हा गेला त आत्ताच्या आत्ता केळझरले तुह्या दर्शनाले येतो." मारला. बॉल ढेकळाले लागला, उलटा फिरला अन् डब्यात टण्णकन पडला.

गजूनं स्टिक खाली ठेवली अन् गाडीले किक मारली. उमाटे सर म्हणाले का अरे सहा होल बाकी हायेत, संध्याकाळी जाजो.

"सर, संध्याकाळी म्हटलं असतं त बॉलही संध्याकाळी गेला असता."

काकानं त्याची स्टिक उचलून बाजूले ठेवली.

पुढच्या रविवारी गजू ठरवून आला का आज नवस बोलाचा नाई. म्हणून मी त्याच्या नावानं बोललो. चौथ्या होलवर. बॉल गेला! गजूनं माही कॉलर धरली अन् मलेही केळझरले नेलं. त्या दिवशी एका नवसात दोन माणसं उठली.

*

उमाटे सरांचा बॉल एकदा झुडपामागं गेला. थे पोचायच्या आत मी बॉल उचलला अन् तिथं चुना फासलेलं लिंबू ठेवलं. रातभर चुना वाळवला होता, मस्त गोल, पांढरंशुभ्र. मले सरांचा चेहरा पाहाचा होता.

सर आले. स्टिक उचलली. मंग खाली वाकले, लिंबू हातात घेतलं, धोतराले पुसलं अन् खिशात टाकून सरळ घराकडं चालू लागले.

काकानं विचारलं, "सर, कुठी?"

"घरी. पोहे होऊन राह्यले, अन् बायकोनं येतानी लिंबू आणाले सांगितलं होतं."

माह्याकडं पाह्यलंही नाई. चाळीस वर्षं पोराईले शिकवलेला माणूस हाये, आपण काय त्याले शिकवणार.

याच सरांनी एकदा सातव्या होलपर्यंत असा डाव काढला का आम्ही श्वास रोखला. सातवा पुरा झाला अन् सर म्हणे, "येतो मी." काकाचा जीव कासावीस झाला. दोनच राह्यले सर, दोनच.

सर म्हणाले, "सुभेदार, जिंदगीत प्रत्येक गोष्ट मी खराब होईपर्यंत धरून ठेवली. ही एक चांगली हाये तवर सोडू द्या."

काका म्हणाले, जा.

*

मेश्राम मॅडम आमच्यात सगळ्यात पक्क्या. आठवा होल झाला होता, अन् शेजारच्या वावराच्या धुऱ्यावरून एक शेतकरी बोंबलत आला का म्हैस अडली. मॅडमनं काकाकडं पाह्यलं. कारण सांगाचीही गरज नोती, तरी नियम म्हणून सांगितलं, अन् पळाल्या.

आम्हीही मागून गेलो. बाई कोपरापर्यंत हात घालून घामानं ओलीचिंब, पण आवाज असा शांत का म्हैसही ऐकून राह्यली. वगार सुखरूप झाली, उभीही राह्यली. मॅडमनं हात धुतले अन् मंग हळूच म्हणाल्या, "माहा गोल्फचा हातमोजा कुठं गेला?" आम्ही सारे म्हशीकडं पाहाले लागलो.

शेतकऱ्याले आमचा खेळ क्रिकेट वाटते. त्यानं खुशीत वगारीचं नाव 'सिक्सर' ठेवलं. आम्ही दुरुस्त केलं नाई.

*

मंग आला शेवटचा रविवार. ट्रॅक्टर सोमवारी लागणार होता. त्या दिवशी गजूनं तोंडाले दुपट्टा बांधला होता, म्हणजे नवस निघालाच नाई पाह्यजे. पण सातव्या होलनंतर आम्ही चौघंही आपापला डाव सोडून काकाच्या मागं चालाले लागलो. कारण काका खेळून राह्यले होते. कोणाची स्टिक सरळ न करता, नुसते सोताचं खेळून राह्यले होते.

आठवा पुरा झाला. नवव्याले काकानं असा मारला का धूळसुद्धा सरळ रेषेत गेली. बॉल डब्याजवळून निसटला अन् वीतभर पुढं एका खळगीत थांबला. काका जवळ गेले, तशी एक टिटवी किंचाळत उडाली. खळगीत खड्यासारखी ठिपक्याठिपक्याची अंडी होती, अन् त्याईच्या मधात काकाचा बॉल.

आम्ही मागं सरलो. टिटवी परत आली. बॉलकडं मान वाकडी करून पाह्यलं, चोचीनं त्याले पोटाखाली घेतलं अन् बसली.

मॅडम म्हणाल्या का या उन्हात तिले उठवलं त अंडी शिजतील.

काका बाभळीखाली बसले. तेवढ्यात महादेवकाका ट्रॅक्टर घेऊनच आले. उद्याचा ट्रॅक्टर आजच मोकळा झाला होता. त्याईनं सारं पाह्यलं अन् म्हणाले, "दादा, एक हात मारा ना. तिले हुसकवतो मी. इतक्या वर्षाचं काम, वीतभर राह्यलं."

काका उठले. स्टिक खांद्यावर टाकली.

"महादेव, तेवढा तुकडा सोडून पेरजो."

"किती दिवस सोडू?"

"थे तिले विचार," काका म्हणाले, अन् घराकडं निघाले.

महादेवकाकानं ट्रॅक्टर बंद केला अन् टिटवीकडं पाहत राह्यले. टिटवी हलली नाई.