तीन ओळींची एक ओळ

बातमी सोमवारी सकाळी आली. मी हजेरीपटावर सही करत होतो. कोळवणच्या एसटीनं आलेला आमचा शिपाई दारातच थांबला आणि म्हणाला, "ओव्हाळभाऊ गेले. काल दुपारी. छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायलाबी वेळ मिळाला न्हाई." सगळी कचेरी उभी राहिली. मीही राहिलो. माणूस गेल्याचं ऐकल्यावर मनात जे पहिलं येतं, ते कुणी कुणाला सांगत नाही. मी सांगणार आहे, कारण त्यासाठीच लिहायला बसलोय. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता ते कुणालाच कळणार नाही. दुःख झालं... झालं, पण मागाहून. सोळा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या यशवंत ओव्हाळला आज जाऊन सहा आठवडे झाले, आणि मला अजून त्या पहिल्या विचाराची लाज वाटते.

आम्ही तालुक्याच्या कचेरीत एकाच आठवड्यात कारकून म्हणून लागलो. तो कोळवण खोऱ्यातल्या एका गावच्या बौद्धवाडीतला. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. मी भूगावचा. आमची भाताची खाचरं, स्वतःची विहीर, आणि पाटीलकी गेली तरी तोरा न गेलेले दोन चुलते. आमचं दोघांचं काम एकच होतं. गावोगावचे ग्रामसेवक तक्ते पाठवायचे, ते सगळे मिळून तालुक्याचा एक तक्ता करायचा. सांगायला सोपं आहे. पण जितकी गावं तितक्या तऱ्हा. कुणी आखीव कागदावर लिहायचा, कुणी वहीचं पान फाडून. एकाचा तक्ता गुरांपासून सुरू व्हायचा, दुसऱ्याचा माणसांपासून. एका महाभागानं तर देवळं विहिरींच्या रकान्यात घातली होती, आणि विचारल्यावर "दोन्ही सार्वजनिकच की!" असं म्हणून आम्हालाच गप्प केलं होतं. हे सगळं एका जागी आणायला आम्ही मोठे कागद खळीनं एकमेकांना चिकटवायचो. त्या लांबरुंद कागदाला कचेरीत 'चादर' म्हणत. चादर जमिनीवर अंथरायची, एकानं उकिडवं बसून आकडे वाचायचे, दुसऱ्यानं पालथं पडून लिहायचे. लिहिणारा आकडा परत उच्चारायचा, वाचणारा "व्हय" म्हणायचा, तेव्हाच तो कायम व्हायचा. वाचणारा ओव्हाळ, लिहिणारा मी, कारण माझं अक्षर चांगलं. त्या अक्षराचा मला फार गर्व होता, हेही सांगून टाकतो.

ओव्हाळ वाचायचा मात्र वेगळ्या रीतीनं. बाकीचे कारकून आकडा वाचतात, हा आकड्यामागचं गाव वाचायचा. "म्हशी नऊ... गेल्या साली चौदा व्हत्या रे, काय झालं आसंल?" असं म्हणून थांबायचा. मी वैतागायचो. "अरे, तुला म्हशी विकत घ्यायच्यात का? पुढं वाच." तो हसायचा आणि पुढं वाचायचा, पण कागदाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवायचा आणि त्या गावचा माणूस भेटला की म्हशींची चौकशी करायचा. डबा आम्ही एकत्र खायचो. हे मी पूर्वी अभिमानानं सांगत असे, जणू काही मोठंच कर्तृत्व केलं होतं.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पिण्याच्या पाण्याचे तक्ते आले. आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस, आणि होळी झाली की बाया डोक्यावर हंडे घेऊन रानोमाळ. एका विहिरीमागं कुठं किती माणसं, हे बघून हापसे द्यायचे ठरले होते. त्यासाठी गावाला एक ओळ, अशी चादर मी आखली होती. बहुतेक गावांनी एकच ओळ पाठवली. ओव्हाळच्या गावच्या तक्त्यात मात्र तीन ओळी होत्या. गावठाण, विहिरी दोन. धनगरवाडा, विहीर नाही. बौद्धवाडी, विहीर नाही. ग्रामसेवकाकडं चार खेपा घालून त्या तीन ओळी ओव्हाळनंच लिहून घेतल्या होत्या. वाचता वाचता तो थांबला. "ह्या तीन वळी तीनच राहू देत बरं का." मी म्हटलं, "बघू." त्याच दुपारी त्याची आई आजारी असल्याचा निरोप आला आणि तो दोन दिवस रजेवर गेला. साहेबांना तक्ता उद्या हवा होता. मी एकटाच वाचायला आणि एकटाच लिहायला बसलो, आणि त्या तीन ओळींची बेरीज करून एक ओळ केली. गाव एक, विहिरी दोन. आडवी बेरीज जुळली, उभी बेरीज जुळली. सगळी चादर कशी एकसारखी दिसायला लागली.

बौद्धवाडीच्या बाया गावठाणाच्या विहिरीवर पाणी भरत नाहीत, त्यांना भरू देत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आमच्या घरच्या विहिरीवर तरी कोण भरू देत होतं? ठाऊक होतं, आणि लिहिताना आठवलंही होतं. पण एका गावासाठी आखणी मोडायची माझ्या जिवावर आली, एवढंच त्याचं कारण. साहेबांनी चादरीचं कौतुक केलं, चौकटीत बसवून भिंतीवर लावायला सांगितलं. ती लागली नेमकी ओव्हाळच्या टेबलासमोर. लांबून ओळी वाचता येत नव्हत्या, आणि मी 'बघू' म्हटलं म्हणजे केलं असणार, या भरवशावर त्यानं ती जवळ जाऊन कधी बघितली नाही.

हापशांची यादी आली तेव्हा दोन विहिरींचं गाव म्हणून ओव्हाळचं गाव त्यात नव्हतं. त्याचे चुलते सखारामतात्या आणि वाडीतली पाच-सहा माणसं कचेरीत आली. तात्या सगळ्यांदेखत कडाडले, "यशवंता, आपला मानूस कचेरीत हाय म्हनून आमी निवांत व्हतो. हितं बसून तू लिवतुयास तरी काय? वाडी इसरलास?" ओव्हाळ उठला. चादरीपाशी गेला, बोटानं आपलं गाव शोधलं. ओळ माझ्या अक्षरात होती. त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. मी समोरच्या कोऱ्या कागदावर पट्टी ठेवून रेघा ओढत होतो... कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. "तात्या," तो म्हणाला, "ऱ्हायलं खरं." कुणाकडून राहिलं ते त्यानं सांगितलं नाही, आणि वाडीनं धरायचा तोच अर्थ धरला.

संध्याकाळी एसटीची वाट बघताना मी पुटपुटलो, "चादरीवर जागाच नव्हती रे." तो शांतपणे म्हणाला, "जागा व्हती. खाली चार वळी रिकाम्या सोडल्यास तू. शोभेसाठी." मी विचारलं, "मग तात्यांना सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "मी सांगितलं तर ती चुगली झाली. ते तू सांगायचंस." एसटी आली, तो चढून गेला. त्यानंतर हा विषय त्यानं कधी काढला नाही, आणि मी तर काढणारच नव्हतो. डबा आम्ही पुढंही एकत्र खात राहिलो.

त्यानं किती अर्ज केले ते मी मोजले नाहीत. हापसा मिळाला, पण चौथ्या वर्षी. तोवर चार उन्हाळे वाडीनं ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं हंडा भरला. हापसा आला तरी यशवंताला लागलेला बोल गेला नाही. जयंतीला दर वर्षी भाषण करणारा हा एकमेव शिकलेला माणूस. त्याला कुणी बोलायला उठवेना. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी "अरेरे" म्हटलं.

ओव्हाळ गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी वाडीत गेलो. कचेरीतला जुना स्नेही म्हणून मला बोलायला सांगितलं. तात्या समोरच बसले होते. सांगायचं असं ठरवूनच मी घरून निघालो होतो. उभा राहिलो, "जयभीम" म्हटलं, आणि ओव्हाळच्या नेकीवर, मनमिळाऊ स्वभावावर, वक्तशीरपणावर दहा मिनिटं बोललो. लोकांनी डोळे पुसले. निघताना त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, पाणी आणून दिलं. तांब्या माझ्या हातात असतानाच हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, मला ठावं हाय समदं. ह्यांनी मला तवाच सांगितलं व्हतं, आन कुनाला बोलायचं न्हाई म्हनून शपथ घातली व्हती. म्हनायचे, त्यो येईल, सोताच्या तोंडानं सांगंल. आज तुमी उठलात तवा मला वाटलं..." मी ते पाणी प्यालो. कसं प्यालो देव जाणे.

घरी येऊन मी पेपरासाठी हा लेख लिहायला घेतला. अर्धा लिहून झाल्यावर लक्षात आलं, की पेपरातून कबुली देणं हीसुद्धा एक पळवाटच आहे. वाचक 'वा, काय प्रांजळ माणूस!' म्हणतील, आणि तात्यांना तर वाचताही येत नाही. म्हणून लेख तसाच ठेवला आणि गेल्या शनिवारी पुन्हा वाडीत गेलो.

तात्या विहाराच्या पायरीवर बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ते म्हणाले, "मला एकट्याला सांगून भागायचं न्हाई." त्यांनी हापशावरच्या बायांना हाक मारली, घराघरांतून माणसं बोलावली. वीस-पंचवीस जण जमले, सुमनवहिनीही येऊन उभ्या राहिल्या. मी परत सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "चार उन्हाळं, बाबा."

तात्या मात्र माझ्याकडं बघतच नव्हते. ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्या साली जयंतीला त्यो बोलाया उठला, तवा मीच हात धरून खाली बसवला त्येला. मीच." मग विहाराच्या दाराकडं, जिथं माणसं चपला काढून आत जातात तिकडं, बोट करून म्हणाले, "तवापसनं तितं बसायचा. चपलांपाशी. हापसा आल्यावर लई डाव म्हनलं, झालं गेलं सोड, फुडं ये. न्हाई आला."

कुणीतरी आतून सतरंजी आणली आणि पुढं, पाहुण्याच्या जागी, माझ्यासाठी अंथरली. "बसा," तात्या म्हणाले. मला तिच्यावर बसता आलं नाही.