वर सरकणारा रॉड

माझा धाकटा भाऊ विजेच्या खात्यात लाइनमन होता. उमरेड रोडवरच्या एका खांबावरून तो पडला आणि उजवी मांडी मधोमध मोडली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात तेव्हा अशा मोडीवर रॉड टाकू लागले होते. नाहीतर पायाला वजन लटकवून महिनोन्महिने पडून राहायचं. आम्ही रॉडला हो म्हटलं.

डॉक्टरांनी त्याचा धड पाय टेपने मोजला आणि मला चिठ्ठी दिली. लांबी बेचाळीस सेंटिमीटर, जाडी दहा मिलिमीटर. सर्जिकल सामानाच्या दुकानात त्या लांबीत नऊचाच निघाला. पोकळ आणि चकचकीत. दिसायला वाटला त्याहून हातात जड लागला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "चालेल." मग कुल्ह्यावर चीर देऊन तो हाडाच्या पोकळीत हातोडीने ठोकत खाली नेला. वरचं टोक थोडं हाडाबाहेर ठेवतात. पुढे काढताना पकडायला काही लागतं.

घरी आल्यावर आईला एकच घाई होती, हा पंगतीत कधी बसतो. खाटेवर ताट गेलं की घरातलं आजारपण हलत नाही, असं ती म्हणे. शेवटी एके दिवशी तो कुबड्या भिंतीला टेकवून, पाय लांब करून पाटावर बसला. आईने शेजारी साखर वाटली. आम्हीही समजलो, हाड जुळलं.

पण तो सरळ बसत नसे. सगळा भार डावीकडे टाकून, उजवा कुल्हा उचलून जेवायचा.

"भाऊजी, पाटाले काटे लावले का मी?" माझी बायको म्हणाली.

"तुमच्या भाजीपेक्षा कमीच टोचते, वहिनी."

सगळे हसले. थंडीचे दिवस होते, तरी त्याच्या कपाळावर घाम होता.

जेवणानंतर मी त्याला अंगणात गाठलं. "काहून वाकडा बसतो गा?"

"काही नाही, दादा. थोडं दुखून राहिलं. आईले सांगू नको, पुन्हा खाटेवर पाठवते मले. खात्यातूनही विचारून राहिले, हजर कधी होतो म्हणून."

मी सदरा वर करायला लावला. कुल्ह्यावर, जुन्या टाक्यांच्या जरा वर, कातडीखाली सुपारीएवढा उंचवटा होता. अंगठ्याने दाबला तर दगडासारखा कठीण. भाऊ ओरडला नाही, फक्त श्वास आत ओढला. पुढच्या रविवारी तो उंचवटा लिंबाएवढा झाला होता. वरची कातडी लाल आणि ताणून पातळ झालेली, हाताला गरम लागत होती. त्याच दिवशी रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रेचा नवा फोटो उजेडाकडे धरला.

"हाड जुळलेलं नाही. रॉड आत ढिला आहे. पायावर भार आला की हाड हलतं आणि रॉड वर सरकतो. हा उंचवटा म्हणजे त्याचंच टोक."

"दहाचा असता तर?" मी विचारलं.

"सांगता येत नाही." त्यांनी फोटो खाली ठेवला नाही. "आता प्रश्न कातडीचा आहे. ती फाटली तर जंतू आत शिरतील आणि पू रॉडच्या बाजूने थेट मांडीच्या हाडात उतरेल. तसं झालं तर मग आमच्या हातात फार काही राहत नाही."

टेबलावर कुशीवर निजलेल्या भावाने मान वळवली. "पाय राहते ना, डॉक्टरसाहेब? मले खांबावर चढा लागते."

डॉक्टर उंचवट्याभोवती बोट फिरवत होते. एका जागी ते थांबलं. तिथे कातडीवर पाण्यासारखा एक थेंब चमकत होता. त्यांनी तो कापसाने टिपला. थोड्या वेळाने तिथेच कातडीतून दुसरा झिरपला.

"सकाळपासून काय खाल्लं?"

"चहा आन् दोन पोया."

"आता पाणीसुद्धा घ्यायचं नाही," ते म्हणाले, आणि दारातल्या नर्सला त्यांनी ऑपरेशनची खोली तयार करायला सांगितलं.

भाऊ माझ्याकडे पाहत होता. पायाबद्दल त्याने पुन्हा विचारलं नाही.