सोजराबाईंचा उपाशी पट्टा

इनामगावच्या सोजराबाईंना कुणाला उपाशी ठेवणं जमत नसे. त्यांच्या शेतात गेलं की आधी माझ्या मुलीच्या हातात भाकरीचा तुकडा यायचा, मग बोलणं. मुलगी अंगानं काटकुळी, खायचा कंटाळा करणारी. तिच्यामागे वाटी घेऊन फिरण्यात माझं बी.ए.पर्यंतचं सगळं शिक्षण खर्ची पडत होतं. सोजराबाई म्हणायच्या, भूक लागली की मागंल ती, तुमी जरा दम धरा.

माझे पती तेव्हा शिरूरला शेती खात्यात होते. शहात्तर सालचा हिवाळा असावा. सोजराबाईंचे यजमान वारले होते. जमीन धाकटे दीर हौसराव यांच्याशी सामाईक, चुली वेगळ्या. विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात हौसरावांना ऊस हवा होता. उसाचा कारभार सगळा दिराच्या हाती गेला असता. बाईंना हवा होता वाटाणा; तो असला तर पेरणीपासून तोडणीपर्यंत त्यांचा शब्द चालणार. एक हंगाम बघू, पीक बरं आलं तर ठेवू, असं हौसरावांनी कबूल केलं, आणि बाईंनी तो तुकडा ह्यांना खताच्या प्रयोगासाठी देऊन टाकला.

तीन पट्टे पाडले. पहिल्याला खतच नाही. दुसऱ्याला पेरताना सुपर फॉस्फेट, म्हणजे शेंगा-दाण्यांना लागणारं स्फुरदाचं खत, आणि अगदी थोडा युरिया. तिसऱ्याला तेच, शिवाय नंतर युरियाचे जादा हप्ते. वाटाण्याच्या मुळांवर गाठी असतात, नत्राची सोय तो बरीचशी स्वतःच करतो, फार युरिया दिला तर नुसता पाला माजतो, हे ह्यांनी सगळ्यांना समजावलं होतं. पण तिसरा पट्टा असा काळाभोर हिरवा झाला की जाणारा-येणारा त्याचंच कौतुक करी. पहिला बिचारा पिवळा, खुरटा.

मग फुलं धरायच्या सुमाराला पहिलाही हिरवा व्हायला लागला. हे चक्रावले. त्यांनी माती उकरून पाहिली, पाण्याचे पाट पाहिले, काही कळेना.

तोडणीला हौसराव स्वतः तागडी घेऊन आले. पहिल्या पट्ट्याची पाटी तागडीला लावणार, तोच सोजराबाई मध्ये आल्या. दिराकडे न बघता ह्यांना म्हणाल्या, "सायेब, ती मोजू नका. त्याला म्या युरिया टाकलाय."

"कवा?" हौसरावांनी विचारलं.

"तुमी बाजाराला गेला तवा. एका पंगतीत दोघांस्नी वाढायचं आन् तिसऱ्याचं पान कोरं? मला न्हाई बघवलं, भावजी."

हे डोक्याला हात लावून बांधावर बसले.

"वैनी, ती झाडं हायती," हौसराव म्हणाले, "जावई न्हाईत."

सगळे हसले. मला हसू आलं नाही; वाटी माझ्या हातातच होती.

पहिला पट्टा बाद करून उरलेले दोन मोजले. तिसऱ्यात वेल गुडघ्यापर्यंत, पाला ढीगभर, शेंगा मात्र शोधाव्या लागत. त्या पट्ट्याची पाटी बाईंनी एकटीनं उचलली. दुसऱ्याची उचलायला दोघं लागले. हौसरावांनी त्यातली एक शेंग फोडून दाणे तोंडात टाकले. मग दुसरी फोडली. सोजराबाई तागडीकडे नव्हे, त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"पुढल्या साली बी वाटाणाच घ्या," ते म्हणाले. "पर युरियाची गोणी माझ्या घरात ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ द्या की," बाई म्हणाल्या. "सुपरची तेवढी माझ्याकडं धाडा."