बोटांची ऊब

पुलाचा चढ संपेपर्यंत दोघींपैकी कुणीच तोंड उघडलं नाही. कारखान्याची बस बंद पडली म्हणून त्या पायी निघाल्या होत्या आणि निम्मी वाट अजून बाकी होती. वन्सं पुढे, भावजय दोन पावलं मागे. घरात, कारखान्यात, रस्त्यात, सगळीकडे हीच दोन पावलं मधे, असं भावजयीला वाटायचं आणि जिवाचा नुसता चडफडाट व्हायचा.

आज मात्र ती दोन पावलं मिटवायला एक वाक्य पुरलं असतं. दुपारी साहेबांनी तिला बाजूला बोलावलं होतं. "तीन काचा परत आल्यात. बाईंनी पास केलेल्या. त्यांची नजर ठीक आहे ना? तुम्ही एका घरातल्या, तुम्हाला कळत असेल."

"उद्या सांगते," एवढं बोलून ती निघून आली होती.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. सातवी शिकलेली. बॉयलरच्या पोटात डोकावायला जाड गोल काचा बसवतात, त्या हा कारखाना करायचा, आणि त्या पारखायच्या खुर्चीवर वन्सं एकवीस वर्षं बसत होत्या. दिव्यासमोर दोन काळपट पडदे असे आडवे-उभे लावलेले, की उजेड आरपार येऊ नये. त्यांच्या मधे काच धरायची. काच सावकाश निवलेली असली तर अंधार तसाच राहतो. घाईत निवून तिच्या अंगात ताण राहिला असला, तर अंधारात फिकट रेघ उजळते. अशी काच कधी ना कधी फुटते, आणि समोरच्या माणसाचं तोंड भाजतं.

भावजय बारावी सायन्स. याला द्विअपवर्तन म्हणतात, ताणलेल्या काचेत एका किरणाचे दोन होऊन वेगवेगळ्या वेगानं जातात, हे तिला तोंडपाठ. पण जागा मिळाली पॅकिंगला, खोके आणि कागदाच्या कपट्यांत. बाहेरचे पाहुणे आले की वन्संच्या खुर्चीभोवती जमायचे, आणि वन्सं हसून म्हणायच्या, "त्याचं नाव आमच्या भावजयीला विचारा हो. मला नुसतं दिसतं." या मोठेपणानं तर हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. संध्याकाळी देवापुढे हात जोडून ती सद्बुद्धी मागायची, आणि डोळे मिटले की समोर ती खुर्ची.

एकदा मिळाली होती, चार दिवस. वन्सं तापानं पडल्या होत्या. हिनं अकरा काचा बाद केल्या. प्रत्येकीच्या कडेला धुरकट उजेड स्पष्ट दिसत होता. वन्सं कामावर आल्या, त्याच काचा चिमट्यात धरून बघितल्या, आणि सगळ्या शेडसमोर खो-खो हसल्या. "अगं, काचेला कशाला नावं ठेवतेस? तुझ्या बोटांची ऊब आहे ती! उबेनंही काचेत घटकाभर ताण येतो. किती वेळ कवटाळून बसली होतीस?"

तेव्हापासून शेडमध्ये तिचं नाव पडलं शेगडीबाई.

वन्सं पुलाच्या कठड्याला टेकल्या.

"दमलात?" भावजयीनं विचारलं.

"दमतेय कसली! तू अशी मागे मागे का? शेजारी ये. साहेबांनी बोलावलं होतं ना तुला?"

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? एरवी पुलापर्यंत माझी तीन तरी गाऱ्हाणी मलाच ऐकवतेस. आज तोंडाला कुलूप. काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही. उद्या सांगते म्हटलं."

"आजच सांगायचंस."

बटण लावताना वन्संची सुई तीनदा हुकलेली भावजयीनं पाहिली होती. पाहून आधी बरं वाटलं होतं, आणि मग देवघराकडे बघवलं नव्हतं.

"तुझ्या त्या अकरा काचांवरून मला एक सुचलं होतं," वन्सं म्हणाल्या. "रोज कामाला बसण्याआधी एक चांगली काच घ्यायची, तिच्यावर बोट दाबून ठेवायचं, मग पडद्यांमधे बघायचं. बोटाच्या जागी उजेड आला की समजायचं, डोळा शाबूत."

"मग?"

"महिना झाला, उजेड येत नाही. वाटलं, बोटच गार असेल. चहाच्या पेल्यावर शेकून घेतलं. तरी अंधारच." वन्सं हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "आणि तरी मी पास करत बसले. तुझा डोळा होता त्या खुर्चीवर, ठाऊक आहे मला. म्हणून तर सोडवेना. तू बारावी शिकलेली. माझ्याकडे ती एक खुर्ची सोडली तर होतं काय?"

जळणारी आपण एकटीच, असं भावजय इतकी वर्षं धरून चालली होती. तिला वर बघवेना.

वन्संनी तिचा हात धरला. बोटं खरंच गार होती.

"उद्या साहेबांना तूच सांग. मी गेले तर शब्द फुटायचा नाही, परत खुर्चीवर जाऊन बसेन. महिन्याभरातल्या सगळ्या काचा परत मागवायला लाव. आणि एकेक तू बघ. चिमट्यानं धरून हं. एवढं कर माझं."