गाल की कपाळ

लॉन्ड्रीतल्या इस्त्रीच्या खोलीत दुपारी इतकी वाफ दाटायची, की बायका ढगात उभ्या आहेत असं वाटे. त्या ढगात आठवड्यातून एकदा आरोग्य केंद्राची मावशी येई. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, जिभेला हाड नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती पोटुश्या बायकांना चादरींच्या गठ्ठ्यांवर डाव्या कुशीवर निजवायची. "डोळे मिटा, हात पोटावर. गालासारखं मऊ लागतंय की कपाळासारखं टणक? वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. मी सोडून."

एरवी सगळ्या घराचं ऐकणाऱ्या त्या बायका तेवढा वेळ फक्त पोटाचं ऐकत. एखादीचा डोळा लागे, एखादी झोपेतच हसे.

त्या दिवशी सगळ्यांत धाकटी, सातव्या महिन्यातली, हळूच म्हणाली, "मावशी, कपाळ. तिसऱ्यांदा."

पलीकडे तिची मोठी जाऊ इस्त्री फिरवत होती. "गॅस असेल गं. माझंही असंच व्हायचं. उगाच घाबरवू नका हो पोरीला."

"तुझ्या वेळी मी नव्हते, नाहीतर तुलाही घाबरवलं असतं." मावशी हसली, पण तिचा हात धाकटीच्या पोटावरून हलला नाही. पोट पुन्हा आवळलं.

"दुखतंय?"

"नाही."

"न दुखता येते तीच कळ लबाड. इतक्या लवकर आलेल्या बाळाला धड श्वासही घेता येत नाही, बाई. आत्ता दवाखान्यात गेलो तर थांबवता येईल कदाचित." ती जावेकडे वळली. "येतेस, की मी एकटीच नेऊ?"

जावेने इस्त्रीचं बटण बंद केलं.

दवाखान्यात आत डॉक्टरांनी सलाइन लावलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं. बाहेर बाकावर मावशी दोन तास गप्प होती. जावेला खरी भीती वाटली ती तिच्या गप्प बसण्याची.

कळा थांबल्या. चार आठवड्यांनी मावशी वॉर्डात गेली, तेव्हा धाकटी तेच पोट सांभाळत, गाल फुगवून पडली होती.

"पंख्याची पाती शंभरदा मोजली, मावशी. तीनच आहेत. अजून किती कंटाळायचं?"

"महिनाभर. मन लावून कंटाळ."

ऊन पलंगावर सरकत आलं होतं. मावशी उशाशी टेकली आणि तीही डोळे मिटून तिच्यासोबत कंटाळू लागली.