ओंजळभर गार पाणी

आमच्या गोंदिया जिल्ह्यात तळी आहेत, जंगल आहे, कचारगडच्या गुहा आहेत. पण जिल्ह्याचं खरं वैभव कोणतं म्हणाल, तर आमच्या मोठ्या बाबांचे दात. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. या माणसानं उभ्या आयुष्यात घरात अडकित्ता येऊ दिला नाही. सुपारी दातांनी, ऊस दातांनी, मोटरपंपाची वायर सोलायची तीही दातांनी. आमच्याकडच्या प्रतापगडच्या यात्रेत एकदा नारळ सोलायला कोयता मिळेना, तेव्हा यांनी भर गर्दीत तो दातांनी सोलला आणि शेंडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाहून ठेव, आपल्या घरान्याचे दात हायेत." मी तेव्हापासून पाहूनच ठेवतो आहे.

अशा दातांची निगाही तशीच. राखुंडी, जाडं मीठ आणि विटेची भुकटी एकत्र करायची आणि मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, पाण्याचा पितळी गुंड घासते त्या जोरानं दात घासायचे. घासताना अंगणातल्या कोंबड्या लांब पळत. शेवटी व्हायचं तेच झालं. हिरड्या मागे सरकल्या, वरचं कवच झिजलं आणि गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात जाऊ लागली. पण कबूल करतील तर ते मोठे बाबा कसले? पाणी कोमट करून पिऊ लागले आणि म्हणाले, "वैद्यानं सांगतलं." वैद्य कोण, ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

पण एक पाणी कोमट करता येत नव्हतं. गावचा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला. म्हणून ऐन थंडीत उन्हाळी धानासाठी पाणी सोडतात, त्या सकाळी पहिली ओंजळ आमच्या घरच्या वडीलधाऱ्यानं प्यायची, "पानी गोड हाय" म्हणायचं आणि मगच पाट उघडायचा, अशी रीत आहे. गेल्या खेपेला मोठ्या बाबांनी ओंजळ तोंडाला लावली आणि त्यांचा चेहरा असा वेडावाकडा झाला, की तलावात काही मेलं असावं म्हणून लोक दुपारपर्यंत काठ धुंडाळत बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "पुढच्या साली असंच झालं, त ओंजळ दुसऱ्या घरी जाईन गा." त्यांना आयुष्यात घाबरलेलं मी तेवढ्याच वेळी पाहिलं.

गंमत अशी, की घरात दातांची डॉक्टर होती. त्यांची सून, माझी वहिनी, गोंदियात दवाखाना चालवते. पण आमच्याकडे सासरा-सून एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मग तोंड उघडून दाखवणं तर लांबच. तिघं एकाच खोलीत बसत. मोठे बाबा मोठ्या आईला म्हणत, "तिले सांग, थंडं लागते." वहिनी मोठ्या आईलाच म्हणे, "मामाजींना ही पेस्ट द्या." मोठ्या बाबांनी ती पेस्ट राखुंडीसारखी रगडली, वर तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा भरल्या आणि थोड्याच दिवसांत निकाल दिला, "काई कामाची नाई."

"आधी दात बघावे लागतील," वहिनी म्हणाली. "कीडबीड असेल तर पेस्ट काय करणार?"

"सुनेपुढं आ करू मी?" मोठे बाबा मोठ्या आईवर तडकले.

अखेर तोडगा त्यांनीच काढला. ओसरीवर खुर्ची टाकली, डोळ्यांवर दुपट्टा घेतला आणि तोंड उघडलं. मर्यादा वर, दात खाली. कीड नव्हती. वहिनीनं मोठ्या आईला समजावलं: दातांच्या आतल्या थराला बारीक छिद्रं असतात, ती आता उघडी पडलीत, तिथून गारवा नसेला जाऊन भिडतो. ही पेस्ट ती छिद्रं बुजवते, पण मऊ ब्रशनं, हलक्या हातानं, दोन वेळा, काही आठवडे लावायची. थुंकायचं आणि लगेच चुळा भरायच्या नाहीत.

दुपट्ट्याखालून आवाज आला, "म्हंजे शेताच्या धुऱ्याले खेकड्यायनं भोकं पाडली. मंग असं सांग ना. चिखल थापल्यावर लगेच पानी सोडते का कोनी? मी त सारा चिखल वाहवून राहिलो होतो."

त्या दिवसापासून राखुंडी बंद. हा पहिलवान माणूस तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा दात घासू लागला. मला हसू येई आणि अभिमानही वाटे. या वयात हात हलका करायला शिकणं सोपं नाही.

यंदा तलावावर सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत उभं होतं. त्यांनी ओंजळ भरली, पाणी तोंडात घोळवलं, सावकाश गिळलं आणि म्हणाले, "पानी गोड हाय." पाट उघडला. लोक पाण्यामागे निघाले. मोठे बाबा मात्र तिथेच उभे राहिले. आता ते थोडे वाकले आहेत, हे मला तेव्हा जाणवलं. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली आणि मागे उभ्या असलेल्या वहिनीपुढे धरली. आमच्या घरच्या बाईनं ही ओंजळ कधी प्यालेली नाही. वहिनी क्षणभर थबकली, मग पदर सावरून तिनं ते पाणी आपल्या ओंजळीत घेतलं आणि प्यायलं.

मोठे बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मोठी आई शेजारीच होती. पण या वेळी ते तिच्याशी बोलले नाहीत.

"दाताले लागलं नाई ना, बाई?"

"नाही, मामाजी," वहिनी म्हणाली.